सेंट अँड्र्यूजचें गायरान

जालना जिल्ह्यांत केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यांत असई नांवाचें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची जी लढाई झाली, ती आपण सर्वांनींच शाळेंत वाचली आहे. नदीला उतार नाहीं असें वाटाडे सांगत असतां, दोन्ही कांठांवर समोरासमोर गांवें दिसतात त्या अर्थीं मध्यें उतार असलाच पाहिजे, असा तर्क सेनापति वेलस्लीनें केला आणि तो खरा ठरला. जमीन वाचतां येणें म्हणतात तें हें. त्याच्या सैन्यांत ७४ वी व ७८ वी या दोन पलटणी स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखाच्या नांवानें उभारलेल्या होत्या. त्याच स्कॉट लोकांच्या एका खेळाविषयीं, किंबहुना त्या खेळाच्या जमिनीविषयीं, आज आम्ही लिहीत आहों.

निमित्त घरगुतीच आहे. २०२२ च्या जुलैंत आमच्या घरची मुलें दूरचित्रवाणीवर ब्रिटिश ओपन ही गोल्फची स्पर्धा पाहत बसलीं होतीं. झोपाळ्यावरून आजीनें विचारलें, “एवढें थोरलें गायरान कोणाचें रे?” मुलें हंसलीं. आम्हांस मात्र असें वाटलें कीं, मैदानाचें मर्म घरांत पहिल्यानें तिलाच उमगलें.

गोल्फ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें साहेबी क्लब येतो. कलकत्त्यास १८२९ त आणि मुंबईस १८४२ त हे क्लब निघाले ते साहेबांसाठींच. परंतु सेंट अँड्र्यूजचें जुनें मैदान, ज्याला या खेळाचें माहेरघर मानतात, तें मुळांत गांवचें गायरानच होय. गांव आणि समुद्र यांमधील ही वाळूच्या टेकाडांची पट्टी नांगराच्या उपयोगाची नव्हती. तेथें मेंढ्या चराव्या, ससे धरावे, बायकांनीं धुणें वाळत घालावें आणि फावल्या वेळीं चेंडू टोलवावा! १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन यानें येथें सशांची पैदास करण्याची मुभा घेतली, तेव्हां गोल्फ, फुटबॉल वगैरे खेळ खेळण्याचा गांवचा हक्क त्याला सनदेंत मान्य करावा लागला. पुढें १७९७ त नगरसभा कर्जांत बुडाली, जमीन विकली गेली आणि सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडली. सशांनीं मैदान पोखरलें. वर्षानुवर्षें तंटे आणि खटले चालले. १८२१ त जेम्स चीप या शेजारच्या जमीनदारानें ती विकत घेऊन खेळ वांचविला, आणि १८९४ त पार्लमेंटच्या कायद्यानें जमीन पुन्हां गांवाची झाली.

आपल्याकडे गायरानें कशीं आटत गेलीं हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. (भूमिहीनांनीं पोटासाठीं कसलेल्या तुकड्यांचा प्रश्न निराळा, आमचा रोख बळकट हातांकडे आहे.) गांवांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढावीं, असें सर्वोच्च न्यायालयास २०११ सालीं सांगावें लागलें.

आतां मैदानाकडे वळूं. आरंभीं चेंडू टोलवून तो दूरच्या खळग्यांत घालावयाचा, असा एक टप्पा. असे अठरा टप्पे म्हणजे एक डाव. खळग्याभोंवतींच्या नितळ गवताला ग्रीन आणि वाटेंतील वाळूच्या खड्ड्याला बंकर म्हणतात. या मैदानाचा मूळ रचनाकार कोणी नाहीं. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशाला बसून बसून खड्डे झाले, असें सांगतात. पूर्वीं वाट एकच आणि अरुंद होती; जातांना जे खळगे, येतांनाही तेच. गर्दी वाढली तशी वाट रुंद केली आणि एकेका ग्रीनवर दोन दोन खळगे केले. आजही अठरांपैकीं चौदा टप्पे जोडीजोडीनें सात ग्रीनवर संपतात. आणि मौज अशी कीं दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा अशा प्रत्येक जोडीची बेरीज अठराच येते.

पहिल्या टप्प्यावर समोर विस्तीर्ण सपाट कुरण आणि बंकर एकही नाहीं. नवख्याला वाटावें, यांत अवघड तें काय? पण ग्रीनच्या अगदीं पायाशीं स्विल्कन नांवाचा ओढा वाहतो. हात आखडला कीं चेंडू पाण्यांत. प्रथमग्रासे मक्षिकापातः! जवळच १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मंडळाचें चढउतारांचें लहान मैदान आहे. त्याला ‘हिमालय’ म्हणतात, हें ऐकून आमच्या घरच्या स्त्रिया फार खूष झाल्या.

पुढील टप्प्यांचीं नांवेंच गांवची कथा सांगतात. तिसरा ‘कार्टगेट’ म्हणजे गाडीवाटेचा. चौथा ‘जिंजर बीअर’चा, कारण तेथें अँडरसन नांवाचा एक म्हातारा आल्याचें पेय विकीत असे. या जाण्याच्या वाटेवर उजवीकडे कांटेरी झुडपें आणि डावीकडे ऐसपैस मोकळी जागा आहे. भित्रा खेळाडू डावीकडे जातो आणि सुखरूप राहतो. पण तेथून पुढचा टोला बहुधा अवघड कोनांतून मारावा लागतो. उजवीकडचा धोका पत्करणाऱ्याला खळगा सरळ दिसतो. आमच्या मतें साऱ्या मैदानाचें मर्म येथें आहे. तें कोणाला अडवीत नाहीं. निवड करावयास लावतें.

सातव्या टप्प्यापासून वाट खाडीजवळ वळसा घेते. अकरावा जेमतेम पावणेदोनशें यार्डांचा, परंतु ग्रीन पुढच्या बाजूला उतरती, समोर एक खोल बंकर, डावीकडे दुसरा आणि पाठीमागे खाडीचा वारा. १९२१ सालीं अमेरिकेचा तरुण बॉबी जोन्स येथें वाळूंत अडकला आणि संतापून त्यानें स्पर्धाच सोडली. पुढें याच मैदानावर तो १९२७ त ओपन जिंकला, १९५८ त गांवानें त्याला नागरिकत्वाचा मान दिला, आणि आज दहाव्या टप्प्याला त्याचेंच नांव आहे. बाराव्यावरचे बंकर तर दिसतच नाहींत, कारण पूर्वीं हें मैदान उलट दिशेनेंही खेळत. तिकडून येणाऱ्याला ते स्वच्छ दिसतात.

चौदावा सहाशें यार्डांहून लांब. उजवीकडे भिंत, डावीकडे बंकरांचा घोळका आणि दोहोंमध्यें ‘स्वर्गीय कुरण’ नांवाची सुंदर सपाटी. तिच्यापुढें ‘हेल’ म्हणजे साक्षात् नरक नांवाचा प्रचंड बंकर! जॅक निकलससारख्या महारथ्याला १९९५ त या टप्प्यावर दहा टोले लागले. सोळाव्यावरील बंकराचें नांव ‘प्रिन्सिपॉलचें नाक’. विद्यापीठाच्या गांवाला तें शोभतें.

सतरावा सर्वांत कठीण. पहिला टोला हॉटेलाच्या आवारांतील छपरांवरून मारावा लागतो. ग्रीन निमुळती आणि तिरपी. पुढच्या अंगास खोल बंकर, मागें सडक आणि दगडी भिंत. सडकेवर गेलेला चेंडू सडकेवरूनच खेळावा लागतो. २०२२ च्या शेवटच्या दिवशीं कॅमेरॉन स्मिथचा चेंडू असा थांबला कीं, तो आणि खळगा यांच्या मध्यें हा बंकर. वरून उडविण्याचा मोह सोडून त्यानें चेंडू बंकराला वळसा घालून जमिनीवरून घरंगळत नेला, पुढचा दहाएक फुटांचा टोलाही साधला, आणि एका टोल्याच्या फरकानें स्पर्धा जिंकली. असईस ७४ वी पलटण तोफांनीं सजलेल्या गांवावर सरळ चालून गेली आणि कापली गेली, त्याची आम्हांस तेव्हां आठवण झाली.

अठरावा पुन्हां गांवांत आणतो. ओढ्यावर दगडी पूल आहे. मेंढपाळांना जनावरें नेतां यावीं म्हणून तो सुमारें सातशें वर्षांपूर्वीं बांधला, असें सांगतात. पुढें ‘ग्रॅनी क्लार्क’ या म्हाताऱ्या बाईच्या नांवाची गल्ली मैदान आडवें छेदून समुद्राकडे जाते. माणसें जात असतील तर खेळाडूनें थांबावयाचें. ग्रीनपुढें ‘पापाची दरी’ नांवाचा खोलगट भाग आहे. १९७० त डग सँडर्स याचा अगदीं जवळचा टोला या ग्रीनवर हुकला. तो साधता तर ओपन त्याची होती. दुसऱ्या दिवशींच्या फेरींत ती निकलसनें जिंकली.

आणि रविवारीं, मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर, येथें गोल्फ बंद! त्या दिवशीं गांवचीं माणसें मुलाबाळांसह, कुत्र्यांसह मैदानावर फिरावयास येतात.

हें सारें आम्हीं आजीला सांगितलें. तिनें झोपाळा थांबविला आणि विचारलें, “मग मेंढ्या कोठें गेल्या?” गवत आतां यंत्रानें कापतात, असें सांगितल्यावर ती “हूं” म्हणाली आणि झोपाळा पुन्हां हलूं लागला.