रोमच्या किल्ल्या कुणाकडे?

युरोपातल्या एखाद्या जुन्या शहरात आठवडाभर राहायचं ठरलं, की घरात सगळ्यांत आधी यादी होते. रोमची यादी तर बहुतेकांना न जाताच तोंडपाठ असते: कोलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन, त्रेव्हीचं कारंजं, स्पॅनिश पायऱ्या. मग ही नावं सात दिवसांत वाटायची, दिवसाला दोन किंवा तीन, आणि आखणी झाली म्हणायचं. रोमच्या बाबतीत हा क्रमच उलटा आहे, असं माझं मत आहे. काय प्रसिद्ध आहे हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं ते हे, की कुठल्या दाराची किल्ली कुणाकडे आहे. इथे एकाच रस्त्यावरच्या दोन वास्तूंचे मालक वेगळे असतात, आणि मालक बदलला की सुट्टीचा वार, तिकीट आणि दुपारी दार लावून घेण्याची रीत असं सगळंच बदलतं. हे ठाऊक नसलं की सोमवारी सकाळी मंडळी बोर्गेझे गॅलरीच्या बंद फाटकासमोर उभी राहतात, आणि रविवारी व्हॅटिकनच्या तटबंदीला वळसा घालून परत येतात.

ही गुंतागुंत कुणाच्या गलथानपणातून आलेली नाही. ती इतिहासातून आली आहे. 20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि शतकानुशतकं पोपच्या ताब्यात असलेलं शहर नव्या राष्ट्राची राजधानी झालं. पोपने हे मान्य केलं नाही. तो तिढा 1929च्या लॅटरन करारापर्यंत चालला आणि त्यातून सुमारे 44 हेक्टरांचं स्वतंत्र व्हॅटिकन राज्य उभं राहिलं. म्हणून व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. त्या सकाळी प्रवेश फुकट असतो, आणि म्हणूनच त्या सकाळी तिथे जाऊ नये. मिकेलांजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं खपून रंगवलेलं सिस्टीन चॅपेलचं छत लोकांच्या खांद्यांवरून मान उंचावून बघायचं असेल, तर गोष्ट वेगळी. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटरच्या चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते आणि तेवढा वेळ बॅसिलिकात सहज शिरता येत नाही. ज्याला पोपना पाहायचं आहे त्याने बुधवार गाठावा. बाकीच्यांनी त्या दिवशी नदीच्या त्या बाजूला फिरकू नये. शहराबाहेरच्या भुयारी दफनभूमीसुद्धा इटलीत असून पोपच्या अखत्यारीत आहेत. प्राचीन आपिया मार्गावरच्या दोन मोठ्या दफनभूमी जवळजवळ असल्या, तरी सान कालिस्तो बुधवारी बंद असते आणि सान सेबास्तियानो रविवारी.

इटालियन सरकारच्या बहुतेक संग्रहालयांची सुट्टी सोमवारी. बोर्गेझे गॅलरी 1902 मध्ये सरकारने विकत घेतली, त्यामुळे तीही सोमवारी बंद. शिवाय तिथे आगाऊ नोंदणी लागते आणि आत जेमतेम दोन तास मिळतात. हे दोन तास कमी नाहीत. बर्निनीचं ‘अपोलो आणि डाफ्ने’ हे शिल्प नीट बघायचं, म्हणजे त्याच्याभोवती सावकाश फिरत बोटांची पानं कुठे होऊ लागतात ते हेरायचं, यातच पाऊण तास जातो, आणि तो तसा जायलाच हवा. कोलोसियम सरकारी असूनही सोमवारी उघडं असतं, म्हणून सोमवारी तिथे गर्दी वाढते. महानगरपालिकेचं गणित तिसरंच. कॅपिटोलाइन टेकडीवरची संग्रहालयं पालिकेची, आणि ती सोमवारीही उघडी. मुसोलिनीच्या राजवटीत 1932 मध्ये खुल्या झालेल्या रुंद रस्त्यावर उभं राहिलं, की ही वाटणी डोळ्यांना दिसते. एका अंगाला रोमन फोरम, ते सरकारचं आणि कोलोसियमच्या तिकिटात धरलेलं. समोरच्या अंगाला ट्राजनच्या बाजारपेठेचे अवशेष, ते पालिकेचे, त्यांचं तिकीट निराळं. अवशेष एकाच साम्राज्याचे, पण तिकीटखिडक्या दोन.

मला सगळ्यांत रस वाटतो तो चर्चमध्ये, कारण यादीवाले त्यांना वगळतात आणि रोममधली उत्तम चित्रं तिथेच फुकट बघायला मिळतात. 1870 नंतर धार्मिक संघांची बरीच मालमत्ता सरकारजमा झाली. त्यामुळे आज सांता मारिया देल पोपोलो हे चर्च, काराव्हाज्जोच्या दोन थोर चित्रांसकट, इटलीच्या गृहखात्याच्या एका निधीच्या मालकीचं आहे. पोलिसांचा कारभार बघणारं खातं चित्रांचंही धनी असावं, यातली गंमत रोमच्या लोकांना आता जाणवतही नसेल. त्याच चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं सान लुईजी देई फ्रांचेझी या फ्रेंचांच्या चर्चमध्ये आहेत. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो. सान क्लेमेंते आयरिश डोमिनिकन साधूंकडे. बाराव्या शतकातल्या त्या चर्चखाली चौथ्या शतकातलं चर्च, त्याखाली रोमन इमारती आणि मिथ्र देवतेचं स्थान असे तीन थर तिथे उतरून बघता येतात. पँथिऑन तर सरकारी वास्तू आणि चालतं चर्च असं दोन्ही आहे. जुलै 2023 पासून तिथे पाच युरोंचं तिकीट लागतं, पैसे सांस्कृतिक खातं आणि रोमचा धर्मप्रांत वाटून घेतात, आणि प्रार्थनेला आलेल्याला तिकीट नाही. बहुतेक चर्च दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतात ती तीन-चारनंतर उघडतात. हा वेळ यादीत कुठेच धरलेला नसतो.

हे मांडल्यावर आठवडा जवळजवळ आपोआप आकार घेतो. शनिवारी पोचलात असं धरू. रविवारी व्हॅटिकन बंद, पण आपिया मार्गावर गाड्यांना मज्जाव असतो, म्हणून तो दिवस तिथे पायी चालण्याचा आणि सान कालिस्तोच्या भुयारांचा. सोमवारी सकाळी राफाएलचं ‘गालातेआ’ असलेली व्हिला फार्नेझिना. ती एका विद्वत्‌परिषदेची आहे आणि बहुतेक दिवस दुपारी दोनलाच मिटते. मग दुपारी कॅपिटोलाइन. मंगळवारी भल्या सकाळी व्हॅटिकन. बुधवारी शहराबाहेर, ओस्तिया आंतिका या जुन्या बंदरनगरीत. पिरामिडे मेट्रोजवळच्या स्थानकातून लोकलने जाता येतं. गुरुवारी कोलोसियम आणि फोरम, शुक्रवारी बोर्गेझे आणि राहिलेली चर्च. पँथिऑनला वेगळा दिवस द्यायची गरज नाही, जाता-येता होतं.

मराठी कुटुंबांसाठी इथे आणखी एक अडचण येते, ती आपल्या सुट्ट्यांची. आपण निघतो मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. 1 मे हा कामगार दिन इटलीतही सुट्टीचा, आणि त्या दिवशी कॅपिटोलाइन बंद. दिवाळीचं दुखणं निराळं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे जातात. उन्हाळ्यात सातनंतरही उघडं असणारं कोलोसियम मग साडेचारला मिटतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही तासभर आधी. दुपारच्या जेवणानंतर जाऊ म्हणणाऱ्यांचं तिकीट तिथे वाया जातं. त्यातच शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो, आणि सोबत राहण्याची व्यवस्था, फिरण्याचा आराखडा व किमान 30,000 युरोंचा विमा दाखवावा लागतो. पण कोलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधीच विक्रीला येतात, आणि ऑक्टोबर 2023 पासून ती नावानिशी असतात, म्हणजे ऐनवेळी भाचीच्या जागी पुतणी चालत नाही. आराखडा आधी लिहायचा आणि तिकिटं नंतर मिळवायची, हा उलटा क्रम पचवायचा तर निदान वार तरी आधीच बरोबर धरलेले हवेत.

यावर आक्षेप येणार हे उघड आहे. एवढं काटेकोर आखलं तर भटकण्यातली मजा गेली, असं म्हणणारे पुष्कळ. मला हे पटत नाही. वर मांडलेल्या आठवड्यात वेळेची तिकिटं फक्त तीन दिवशी आहेत. उरलेला वेळ मोकळा राहतो तो कुठे दार बंद असेल ही धास्ती नसल्यामुळे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ग्रुप टूरवाले हे सगळं करतात, शिवाय वरण-भात देतात. खरं आहे. ज्यांना चालणं झेपत नाही किंवा भाषेची भीती वाटते, त्यांनी खुशाल टूरनेच जावं. पण टूरच्या वेळापत्रकात रोमला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात, आणि बस ज्यांच्यापर्यंत पोचत नाही ती चर्च त्यात कधीच येत नाहीत. जेवणाचं म्हणाल, तर शाकाहारी माणूस रोममध्ये उपाशी राहत नाही; फक्त कडक शाकाहाऱ्याने लक्षात ठेवावं, की तिथलं पेकोरीनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनतं, आणि ते बऱ्याच पास्त्यांवर किसलेलं असतं.

तिसरा आक्षेप पैशांचा: एवढा खर्च करून एकच शहर? फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासावर असताना ते का सोडायचं? सोडू नका, पण मुक्काम हलवू नका. हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो. सकाळी जाऊन रात्री परत आलात तर सामान रोममध्येच राहतं. ओस्तियाचा बुधवार त्यासाठी मोडावा. मोकळा दिसतो म्हणून सोमवार देण्याचा मोह होईल, तो टाळा. फ्लॉरेन्सचं उफ्फीत्सी संग्रहालयही सरकारी आहे, आणि सोमवारी बंद.