बायका खरंच नवऱ्यांना मारू लागल्या आहेत का?

मार्च २०२५ मध्ये मेरठचे 'निळ्या ड्रम'चे प्रकरण बातम्यांत आले आणि अमरावती-अकोल्यातल्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनोदांचा पूर आला. लग्न ठरलेल्या पोरांना 'ड्रमपासून जपून' असे सांगणारे कार्यकर्तेही आम्ही पाहिले. बायका आता नवऱ्यांना मारू लागल्या, काळ उलटला, असा त्या सगळ्याचा सूर होता.

आधी आकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या खुनांविषयीच्या जागतिक अभ्यासानुसार खुनाच्या संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष असतात. मरणाऱ्यांतही जवळपास ८० टक्के पुरुषच. दारूवरून झालेले भांडण, शेताचा बांध, जुने वैर. घराच्या आत मात्र चित्र वेगळे आहे. २०१७ साली जगात सुमारे ८७ हजार स्त्रियांचे खून झाले. त्यातल्या ५० हजार जणींना जोडीदाराने किंवा घरच्याच माणसाने मारले. भारतातल्या तुरुंगांत सगळ्या गुन्ह्यांचे मिळून स्त्री कैदी साधारण ४ टक्के आहेत.

बाई खून करते तेव्हा मरणारा बहुधा घरातलाच असतो: नवरा, जोडीदार नाहीतर मूल. आपल्या परंपरेतली दोन माणसे आठवा. अंगुलिमाल वाटेवरच्या अनोळखी लोकांना मारत होता. भद्दा कुंडलकेसेला तिचा नवरा दागिन्यांसाठी मारायला कड्यावर घेऊन गेला, तेव्हा तिने त्यालाच खाली ढकलले, असे थेरीगाथेची अट्ठकथा सांगते. पुढे दोघेही संघात आले. विहारात अंगुलिमालाची गोष्ट आम्ही कितीदा तरी ऐकली, भद्देची क्वचितच.

आता काळाचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे खुनासाठी कोर्टात उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये नवजात बाळाला मारणाऱ्या विधवा होत्या. पुण्यात काशीबाई या ब्राह्मण विधवेला याच गुन्ह्यासाठी काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसवणारा पुरुष मोकळाच राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले: गुपचूप या, बाळंत व्हा, हवे तर मूल आमच्याकडे ठेवून जा. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यात फाशी सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. वर्तमानपत्रे सगळ्या स्त्रीजातीवर तुटून पडली, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. तेव्हाची ती वर्तमानपत्रे आणि आजचे फॉरवर्ड यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या फ्रेडा अॅडलर यांनी मांडले की स्त्रिया मोकळ्या होतील तसे त्यांचे गुन्हेही वाढतील. खुनांच्या बाबतीत झाले भलतेच. १९७६ ते २००५ या काळात अमेरिकेत जोडीदाराच्या हातून मरणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटली. याच काळात मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरागृहे आणि हेल्पलाइन निघाल्या, घटस्फोट सोपा झाला. अभ्यासक या घटीचा एक भाग त्याच्याशी जोडतात. बाईला घराबाहेर पडायची वाट मिळाली आणि नवऱ्यांचे जीव वाचले. पुरुषांच्या हातून मरणाऱ्या बायकांची संख्या मात्र त्या मानाने फारच कमी घटली. कारण अनेकदा बाई सोडून जाते, म्हणूनच पुरुष तिला मारतो.

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात घटस्फोटाची तरतूद होती. बिल रखडले, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो हक्क आला, आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण कायद्याने दिलेली वाट वस्तीत अडते. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला 'सांभाळून घे माय, लेकरं हायेत' असे म्हणून परत धाडतात, आणि त्या बैठकीत आपल्यातलेच ज्येष्ठ बसलेले असतात.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बैठक बसेल, तिथल्या तरुणांनी तिला आधी विचारावे की तिला परत जायचे आहे का. नको म्हणाली तर १८१ वर फोन लावावा, जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला न्यावे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. सासरच्या घरात राहण्याचा आदेशही त्याच कायद्याखाली मागता येतो, हे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना ठाऊक नसते.