उकाड्यात मुके झालेले यंत्र

१८९२ साली गोदी सुरू झालेल्या, हुगळीकाठच्या खिदिरपुरात वैशाखातला दमट उकाडा वृद्धांना असह्य होतो. अशा वेळी वीज जाऊन परतते, पण भिंतीवरचा स्प्लिट एसी मुकाच राहतो. पुष्कळदा तो बिघाड नसतो. शीतक वायूचा दाब समतोल व्हावा, कॉम्प्रेसरवर ताण येऊ नये, म्हणून स्टॅबिलायझर परतलेली वीज काही मिनिटे अडवून धरतो. तेवढा धीर मात्र उकाड्यात कोणाला असतो? त्यानंतरही यंत्र निश्चल असल्यास आतील युनिटच्या झाकणाखालचे बटण दाबावे. यंत्र सुरू झाले, तर दोष रिमोटचा. त्याचे सेल बदलावेत. नाहीतर एमसीबी पाहावा. तो पडला असल्यास एकदाच वर करावा. पुन्हा पडल्यास तंत्रज्ञालाच बोलवावे. बाहेरचे युनिट स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो.