जाळीखालचे पाणी

आमच्या शेजाऱ्यांनी बाथरूम नव्याने करून घेतले. जुनी शहाबादी फरशी गेली आणि छतापर्यंत टाईल्स आल्या. अंघोळीची जागा काचेच्या आड गेली. उरलेला भाग कायम कोरडा राहावा अशी व्यवस्था झाली. काचपट्ट्यांची खिडकी बुजवून तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. हल्ली बहुतेक घरांत असेच करतात आणि त्यात गैर काही नाही. कोरड्या फरशीवर पाय घसरत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट लहान नव्हे.

दोन महिन्यांनी मात्र बाथरूममध्ये गटाराचा वास येऊ लागला. गंमत म्हणजे वास घालवण्यासाठी पंखा लावला की तो वाढे! जाळीत फिनेल घालून वर बादलीभर पाणी ओतले की काही दिवस बरे वाटे. अर्थात श्रेय फिनेलला मिळाले. ते खरे कोणाचे होते, हे पाहण्यासाठी आपल्याला जाळीखाली डोकवावे लागेल.

फरशीवरच्या जाळीखाली एक वाटीसारखे भांडे बसवलेले असते. त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात (बोलताना त्याचा 'नानी ट्रॅप' होतो). पाणी यातून जाताना आधी खाली उतरते, मग थोडे वर चढून पुढच्या पाईपात पडते. त्यामुळे पाणी ओतणे थांबले तरी भांड्यात थोडे पाणी साचून राहते. हे पाणी म्हणजेच दार. सांडपाणी त्यातून पलीकडे जाते, पण पलीकडची हवा अलीकडे येऊ शकत नाही. वॉशबेसिनखालचा वाकडा पाईप किंवा कमोडमध्ये दिसणारे पाणी हेच काम करते. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. या दाराला बिजागरी नाही, झडप नाही, गंजणारे काही नाही. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ती क्वचितच सापडते.

ती किती भक्कम आहे? अशा ट्रॅपमध्ये साधारणपणे ५० मि.मी. खोलीचे पाणी अडसर म्हणून असते. तो अडसर मोडायला निदान तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे सुमारे ४९० पास्कल, दाबाचा फरक लागतो. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम दोनशेवा भाग. पण बाथरूममधला लहान पंखा जो फरक निर्माण करतो तो साधारणतः १०० पास्कलच्या आतच असतो. म्हणजे ट्रॅप भरलेला असेल तर पंख्याची त्याच्यापुढे काही मात्रा चालत नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी भरा. एका तोंडातून हळूच हवा ओढा. पाणी एका बाजूला चढेल, दुसरीकडे उतरेल, पण हवा येणार नाही. आता थोडे थोडे पाणी काढत जा आणि पुन्हा ओढा. पाण्याने वाकणाचा वरचा काठ सोडला की ओढायला जोरच लागत नाही.

शेजाऱ्यांकडे हेच झाले होते. कोरड्या भागातल्या जाळीवर आता कोणी पाणी ओतत नव्हते; फरशी पुसून घेतली जाई. जुन्या घरातल्या मोरीत दिवसभर पाणी सांडत असे, त्यामुळे ट्रॅप आपोआप भरलेला राही. येथे बाष्पीभवन चालू होते, भर मात्र पडत नव्हती. पातळी रोज २ मि.मी. उतरते असे धरले, तर ५० मि.मी.चा अडसर २५ दिवसांत संपतो. पंखा वरून वारा खेळवतो, त्याने हे काम लवकर होते. मग दार बंद करून पंखा लावला की आतला दाब थोडा कमी होतो आणि बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला जी वाट मोकळी असेल तेथून हवा आत येते. दाराखालची फट ही एक वाट आणि कोरडा ट्रॅप ही दुसरी.

वासापुरताच हा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. २००३ साली हाँगकाँगमधल्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची मोठी साथ आली. एक आजारी पाहुणा त्या मार्चमध्ये १४ आणि १९ तारखेला ई इमारतीत राहून गेला. त्याला जुलाब होत होते. पुढे वसाहतीतील ३०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तपासात आढळले, की प्रत्येक घरातले कमोड, बेसिन आणि फरशीवरची जाळी एकाच उभ्या पाईपाला जोडलेली होती. लोक फरशी धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. पंखा चालू होताच पाईपातले विषाणूयुक्त सूक्ष्म थेंब घरात खेचले गेले असावेत, असा तपासणाऱ्यांचा निष्कर्ष होता. पुढे काही संशोधकांनी गणित मांडून दाखवले, की हे थेंब इमारतीच्या अरुंद चौकातून वर चढणाऱ्या हवेबरोबर इतर घरांपर्यंत पोहोचले असावेत. किती वाटा त्या मार्गाचा आणि किती या मार्गाचा, यावर चर्चा होऊ शकते. सुरुवात मात्र दोन्हींत कोरड्या ट्रॅपपासूनच होते.

अडसर मोडायचे आणखी एक कारण आहे. वरच्या मजल्यावर फ्लश केला, की उभ्या पाईपातून पडणारे पाणी मागची हवा ओढते आणि तिच्याबरोबर खालच्या ट्रॅपमधले पाणीही खेचले जाऊ शकते. हे टाळण्यासाठी पाईप गच्चीपर्यंत नेऊन वर उघडा ठेवतात, म्हणजे हवा तिकडून येते. हा व्हेंट पाईप 'बिनकामाचा' म्हणून नूतनीकरणात कापून बुजवलेला मी पाहिला आहे. बाथरूम नवे करताना टाईल्सच्या रंगावर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी या दोन गोष्टींवर व्हावी: कोरड्या भागात खरेच वेगळी जाळी हवी का, आणि असल्यास तिच्याखाली ट्रॅप किती खोल आहे. काही नव्या, उथळ बनावटीत पाण्याऐवजी सिलिकॉनची झडप असते. ती वाळत नाही हे खरे, पण केस आणि साबण अडकला की नीट मिटत नाही.

शाळेत हाच प्रकार सुट्टीत घडतो. मे महिन्याच्या रजेत स्वच्छतागृहातील जाळ्या आणि प्रयोगशाळेतील सिंक यांना कोणी हात लावत नाही. २०२० साली तर शाळा कितीतरी महिने बंद होत्या. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत आणि सिंकमध्ये अर्धी बादली पाणी ओतावे. सुट्टी सुरू होताना पाण्यावर दोन चमचे तेल सोडले, तर ते तरंगून बाष्पीभवन रोखते. खाद्यतेल मात्र फार दिवसांत खवट होते.

शेजारी आता दर रविवारी त्या जाळीत दोन तांबे पाणी ओततात. फिनेलची बाटली अजून शेजारीच ठेवलेली असते.