चांदनी चौकातून एम-१ घेताना

कोलकात्याच्या चांदनी चौकात जुना एम-१ मॅकबुक हेरलाय? लिनक्सचा नेहमीचा इंटेलवाला पेन ड्राइव्ह घरीच राहू द्या. एम-१सारख्या एआरएम लॅपटॉपवर हार्डवेअरचा नकाशा, म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’, मॉडेलनिहाय कर्नलच्या हाती द्यावा लागतो. एम-१, एम-२साठी हे किचकट काम ‘असाही लिनक्स’ने केलं, ‘फेडोरा असाही रीमिक्स’ डिसेंबर २०२३मध्ये आला. त्याचा इन्स्टॉलर मॅकओएसच्या टर्मिनलमधूनच चालतो, ॲडमिनचा पासवर्ड मागतो. म्हणून पैसे मोजण्याआधी जुन्या मालकाचं ॲपल खातं काढून घ्याच. मॅकओएस मात्र पुसू नका. फर्मवेअरचे अपडेट त्यातूनच येतात. स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवाल्यांनीही विंडोज लगेच उडवू नये, काही फर्मवेअर फाइली तिथूनच उचलाव्या लागतात. लिनक्स बसल्यावर कोलकात्यात लागणाऱ्या बंगाली टंकनासाठी ‘प्रभात’ कळफलक त्यात आयताच मिळतो.