ध्यास आधी की काम आधी?

कार्यकर्त्यांच्या शिबिरांत बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, नेता व्हायला पॅशन लागते म्हणतात. मला माझी पॅशन अजून सापडलीच नाही, मी काय करू?" विचारणारा वीस-बावीस वर्षांचा असतो, चेहरा पडलेला असतो. ध्यास म्हणजे जणू हरवलेली किल्ली, ती मिळेपर्यंत दाराशी बसून राहायचं, असं या मुलांना कोणीतरी सांगून ठेवलेलं आहे. मला ते पटत नाही. अशा वेळी मी त्यांना डॉ. वर्गीस कुरियन यांची हकीकत सांगतो.

धवलक्रांतीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. या माणसाला लहानपणापासून दुधाचंच वेड असणार, असं वाटेल. पण ते दूध पीतसुद्धा नसत! सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले ते डेअरीचं शिक्षण घेण्यासाठी, पण मन ओढ घेत होतं धातुशास्त्राकडे. परत आल्यावर शिष्यवृत्तीच्या करारापोटी सरकारनं त्यांना गुजरातेत आणंदच्या जुनाट सरकारी डेअरीत धाडलं. तारीख होती १३ मे १९४९. परका मुलूख, धुळीचं गाव. मांस खाणाऱ्या एकट्या ख्रिस्ती तरुणाला कोणी घर देईना, म्हणून मुक्काम एका गॅरेजमध्ये. काम जवळजवळ नाहीच. राजीनाम्याची पत्रं मात्र नेमानं वर जात होती.

तिथंच शेतकऱ्यांचा एक लहानसा सहकारी दूध संघ होता. एका खाजगी डेअरीच्या मक्तेदारीला वैतागून शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणं बंद केलं होतं आणि त्यातून १९४६ साली हा संघ उभा राहिला होता. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. संघाची यंत्रं जुनी, सारखी बंद पडायची. मग त्रिभुवनदास या रिकाम्या बसलेल्या इंजिनिअरला हाक मारायचे. पुढे कुरियन यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ते निघण्याच्या तयारीला लागले. तेव्हा नवी यंत्रं चालू होईपर्यंत तरी थांबा, अशी त्रिभुवनदासांनी गळ घातली. कुरियन थांबले, ते जन्मभर.

ध्यास नेमका कुठल्या दिवशी लागला, हे सांगता येणार नाही. मला वाटतं, तो रोजच्या रांगेतून आला असावा. दोन्ही वेळा दूध घालायला येणारी माणसं डोळ्यांसमोर. यंत्र थांबलं तर दूध नासणार, आणि नासलेलं दूध म्हणजे कोणाच्या तरी घरातला त्या दिवसाचा पैसा. एवढा हिशेब एकदा मनात बसला की माणसाला स्वस्थ झोप लागत नाही.

म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते. कुरियन यांनी आपले मित्र हरिचंद दलाया यांना आणंदला ठेवून घेतलं, आणि दलायांनी ती करून दाखवली. १९५५ साली तिचा कारखाना सुरू झाला. आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस शोधायचा आणि त्याला मोकळं सोडायचं, ही ध्यासाची खरी कसोटी. नुसता झपाटलेला माणूस सगळं स्वतःच करायला जातो. कुरियन यांना ही मोकळीक आधी त्रिभुवनदासांनीच दिली होती. शेतकऱ्यांना त्यांनी सांभाळलं आणि कारभारात ढवळाढवळ केली नाही. १९६३ सालचा मॅगसेसे पुरस्कार सामुदायिक नेतृत्वासाठी होता. तो या दोघांना मिळाला, आणि मुंबईची दूध योजना चालवणारे दारा खुरोडी यांनाही.

याला एक दुसरी बाजू आहे. ती आपल्याकडच्या संस्थाचालकांनी तरी ऐकावी. जन्मभर जपलेलं काम हातावेगळं करणं फार जड जातं. २००६ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कुरियन गुजरातच्या दूध महासंघाच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले ते संचालकांशी झालेल्या वादानंतर. त्रिभुवनदास मात्र सत्तरच्या दशकाच्या आरंभी आपण होऊन निवृत्त झाले. तेव्हा गावोगावच्या सभासदांनी माणशी एकेक रुपया काढून सुमारे सहा लाखांची थैली त्यांना दिली. त्या पैशांतून त्रिभुवनदासांनी एक न्यास काढला, आणि खेडा जिल्ह्यातल्या गावांमध्ये आया-मुलांच्या आरोग्याचं काम सुरू झालं.