‘त्सादी’ आणि तारा : थेलेमा पंथातील एका गूढवचनाचा प्रतीकार्थ

प्रस्तावना :

पाश्चात्त्य गूढवादी वाङ्मयात अ‍ॅलिस्टर क्रौली याच्या नावाभोवती इतके प्रवाद जमले आहेत की, त्याच्या ग्रंथांचे वाचन ग्रंथ म्हणून क्वचितच होते. थेलेमा पंथाचा मूलग्रंथ ‘लिबर आल वेल लेगिस’ हा ८, ९ व १० एप्रिल १९०४ रोजी कैरो येथे, दररोज मध्यान्हीच्या एका तासात, एका अदृश्य वाणीकडून आपण उतरवून घेतला असे क्रौलीचे प्रतिपादन होते. त्या प्रतिपादनाच्या सत्यासत्यतेत प्रस्तुत लेखात शिरावयाचे नाही. ग्रंथातील २२० वचनांपैकी पहिल्या अध्यायातील सत्तावन्नावे वचन आणि त्याचे कबालाच्या साहाय्याने लावले गेलेले अर्थ एवढीच येथे मर्यादा आहे.

पहिल्या अध्यायाची वक्ती नुइत, म्हणजे तारकांनी भरलेल्या आकाशाची इजिप्शियन देवता आहे. प्रस्तुत वचनात प्रेमाचे दोन प्रकार, कबूतर व सर्प, दुर्ग, देवाचे घर अशा प्रतिमा एकामागून एक येतात आणि शेवटी अचानक एका हिब्रू अक्षराचा उल्लेख येतो : जुनी अक्षरव्यवस्था सामान्यतः मान्य करून ‘त्सादी’ या अक्षराचे ताऱ्याशी असलेले नाते तेवढे नाकारले जाते. हा नकार नेमका कशाचा, हा खरा प्रश्न आहे.

अक्षरे, राशी आणि पत्ते :

हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे असून प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य आहे. आपल्याकडील कटपयादी पद्धतीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र कटपयादीत मुख्यतः संख्या लक्षात ठेवण्यासाठी शब्द योजला जातो, तर गेमात्रियात समान संख्येच्या शब्दांमध्ये आंतरिक ऐक्य मानले जाते. ‘थेलेमा’ (संकल्प) आणि ‘अगापे’ (प्रेम) या दोन ग्रीक शब्दांची बेरीज ९३ येते, म्हणून पंथात ते एकाच तत्त्वाचे दोन पैलू ठरतात.

‘सेफर यत्सिरा’ या प्राचीन ग्रंथात अक्षरांची विभागणी तीन मातृअक्षरे, सात द्विरूप अक्षरे व बारा साधी अक्षरे अशी आहे. बारा साधी अक्षरे क्रमाने बारा राशींशी जोडली जातात. त्यानुसार ‘हे’ या अक्षराची रास मेष व ‘त्सादी’ची कुंभ. इथपर्यंतचा भाग यहुदी परंपरेतील आहे. टॅरोचे बावीस पत्ते या अक्षरांना जोडण्याची कल्पना मात्र फार उशिराची होय. टॅरो हा पंधराव्या शतकातील उत्तर इटलीतील पत्त्यांचा खेळ. त्याचा हिब्रू अक्षरांशी संबंध १७८१ मध्ये कूर दे जेब्लँ याच्या ग्रंथात प्रथम छापला गेला आणि एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही याने तो रूढ केला. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाने त्यात फेरबदल करून ‘हे’ अक्षर सम्राटाला (पत्ता क्र. ४) आणि ‘त्सादी’ ताऱ्याला (पत्ता क्र. १७) दिले. क्रौली १८९८ मध्ये याच मंडळाचा सदस्य झाला होता.

तेव्हा वचनातील ‘तारा’ म्हणजे आकाशातील तारा नसून टॅरोचा सतरावा पत्ता, असा अर्थ घेतल्यास वचन सुबोध होते. त्याच वचनातील ‘देवाचे घर’ हे फ्रेंच टॅरोत सोळाव्या पत्त्याचे, म्हणजे मनोऱ्याचे, नाव आहे, हा या अर्थाला मोठाच आधार होय.

अदलाबदलीचे समर्थन :

‘त्सादी’ तारा नसेल तर तारा कोणते अक्षर? क्रौलीचे अंतिम उत्तर १९४४ च्या ‘द बुक ऑफ थोथ’ या ग्रंथात सापडते : तारा ‘हे’, आणि सम्राट ‘त्सादी’. त्याने दिलेल्या कारणांचे मोल सारखे नाही.

सर्वांत दुबळे कारण ध्वनीचे आहे. ‘त्सार’, ‘कैसर’, ‘सीझर’, ‘सीनियर’, ‘सर’ अशी सत्तावाचक शब्दांची मालिका तो त्सादीच्या ध्वनीशी जोडतो. परंतु त्सादीचा ‘त्स’ हा उच्चार (मराठीतील दंत्य ‘च’च्या जवळचा) युरोपीय यहुद्यांचा आहे, प्राचीन उच्चार अरबी ‘साद’सारखा होता. शिवाय ‘सीझर’चा मूळ लॅटिन उच्चार ‘क’कारादी असून ‘सीनियर’चे त्याच्याशी व्युत्पत्तीचे नातेच नाही. भाषेच्या अध्यापकाला ही मालिका पटणे कठीण आहे.

दुसरे कारण रचनेचे आहे आणि ते विचारार्ह आहे. जुन्या मार्सेय क्रमात न्याय आठवा व सामर्थ्य अकरावे. न्यायाच्या हाती तराजू, म्हणून त्याची रास तूळ. सामर्थ्याच्या चित्रात सिंह. अक्षरक्रमात मात्र सिंह आधी आणि तूळ नंतर. परिणामी कन्या राशीभोवती पत्त्यांचा व राशींचा क्रम एकदा उलटतो. राशिचक्रात कन्येच्या थेट समोर मीन आहे आणि तिच्या दोन बाजूंना कुंभ व मेष, म्हणजे तारा व सम्राट. यांची अक्षरे अदलाबदल केली की चक्राला समोरासमोर दोन पीळ पडून समतोल साधतो.

याहूनही बळकट कारण प्रतिमांच्या पातळीवर आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. चार अक्षरी ईश्वरनामात ‘हे’ दोनदा येते आणि कबालात ती माता व कन्या मानली जाते. असे स्त्रीवाचक अक्षर सिंहासनस्थ सम्राटाला द्यावे, ही गोल्डन डॉनच्या योजनेतील जुनीच अडचण होती. पाणी ओतणाऱ्या ताऱ्याच्या स्त्रीला मात्र ते सहज शोभते. आणि अध्यायाची वक्तीच नुइत असल्याने ती येथे आपले अक्षर मागून घेत आहे असे म्हणता येते.

भाष्याची अडचण :

एवढ्याने प्रश्न मिटत नाही. याच अध्यायातील चौपन्नाव्या वचनात अक्षराच्या वळणातही बदल करण्यास मनाई आहे आणि अवघ्या तीन वचनांनंतर परंपरेतील एक जोड मोडली जाते. क्रौलीचे समर्थक म्हणतील की मनाई ग्रंथातील अक्षरांबद्दल आहे, ग्रंथाबाहेरील कोष्टकांबद्दल नव्हे. तर्क योग्य आहे. परंतु मग प्रमाण कोणते, वचन की कोष्टक? वचन प्रमाण मानले तर ते फक्त नकार देते. त्सादी सम्राटाला द्यावे असे ते कोठेच सांगत नाही. ती भर भाष्यकाराची आहे. त्यातच १९२५ च्या लघुभाष्यात ग्रंथाच्या आशयाची चर्चा करणाऱ्यांना टाळावे असे बजावून प्रत्येकाने अर्थ स्वतःपुरता लावावा असे सांगितले आहे. परिणामी क्रौलीची अदलाबदल बंधनकारक की एक वैयक्तिक अर्थनिर्णय, याचा निवाडा करणारे पीठ पंथात उरत नाही.

यहुदी गूढवादाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात क्रौलीचे कबालाविषयक लेखन विचारात घेण्याजोगेही मानले नाही. ऐतिहासिक कबालाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु येथे प्रश्न सेफर यत्सिराच्या अर्थाचा नसून, त्यातील कोष्टक उसने घेतलेल्या एका विसाव्या शतकातील ग्रंथाच्या अर्थाचा आहे, आणि तो त्याच्याच परिभाषेत तपासावा लागतो.

फ्रीडा हॅरिस यांनी क्रौलीच्या मार्गदर्शनाखाली रंगवलेल्या थोथ टॅरोच्या पत्त्यांवर खाली हिब्रू अक्षर व राशिचिन्ह दोन्ही दिलेली आहेत. सम्राटाच्या पत्त्यावर त्सादी आणि मेष, ताऱ्याच्या पत्त्यावर ‘हे’ आणि कुंभ. अक्षरे हलली, राशी जागच्या जागी राहिल्या. सेफर यत्सिराप्रमाणे पाहणाऱ्याला दोन्ही पत्त्यांवरील जोड्या चुकलेल्याच दिसतील.